खुलासा असमाधानकारक

दशरथ नेवारे. माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी हेच नाव घेतो, काका. आईच्याही आधी. आईला ते माहीत आहे. तुम्ही गेल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जन्म म्या देल्ला गा तुले, पन मानसात त्यायनं आनलं."

परवा तुमची तेरवी. काकूंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. म्हणाल्या, "चार शब्द लिहून आन. तुले लिहिता येते. सगळ्यायसमोर वाच. तुह्याच गोष्टी सांगत राह्यचे घरी." मी हो म्हणालो. निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि त्यांनी एक गोष्ट विचारली. "काय गा नितेश, छातीत दुखून राहिलं म्हनून त्यायनं कोनाले सांगतलं होतं का? मले तर काहीच नाई बोल्ले."

मी म्हणालो, "नाही काकू."

ते खोटं होतं. ते "नाही" परत घेण्यासाठी मी हे लिहितो आहे. हे वाचून झाल्यावर काकू मला पंगतीत बसू देतील की नाही, तुमची मुलगी प्रणाली माझ्याकडे बघेल की नाही, मला ठाऊक नाही. पण तुमच्याबद्दल चांगलं चांगलं लिहून हे एक गाळायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही. मी प्रयत्न करून पाहिला. तीन पानं लिहिली आणि फाडली.

काका, मी पारशिवनीहून बारावी करून नागपुरात आलो तेव्हा मला फक्त दोन गोष्टी येत होत्या, पाठांतर आणि सलाम. पाठांतर शाळेनं शिकवलं होतं आणि सलाम सिक्युरिटी एजन्सीनं अर्ध्या दिवसात शिकवला. वाडीच्या त्या मोठ्या गोदामाच्या दोन नंबर गेटवर मला तुमच्या हाताखाली दिलं. टोपी कानापर्यंत येत होती. पहिली गाडी आली तशी मी पाय आपटून असा कडक सलाम ठोकला की तुम्ही दचकलात. गाडीची काच वरच होती. ती तशीच आत गेली.

"हाव, मार," तुम्ही म्हणालात. "तीन महिने मनापासून मारशीन. मंग नुसता हातापासून. वर्षानं हातही कटाळते."

"मग तुम्ही काहून मारता काका?"

"माहा हात बिनडोक हाय गा. त्याले कोनी सांगतलंच नाई."

तुमचं सगळं असंच होतं. नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकायचं, म्हणजे त्याला नंतर धक्का बसू नये. सुट्टी मागू नको, मिळणार नाही. रिलीवर, म्हणजे आपली जागा घ्यायला येणारा माणूस, वेळेवर येईल अशी वाट पाहू नको, पाहिली की पाय जास्त दुखतात. हमालांचे डबे उघडून तपासायचे तेव्हा त्यांच्या तोंडाकडे पाहू नको, भाजीकडे पाह. आणि मुख्य म्हणजे स्वतःला माणूस समजू नको. "आपून पॉइंट हाओ गा मास्तर. सायब काय म्हनते? 'दोन नंबरचा पॉइंट खाली हाय.' मानूस नाई आला, असं म्हनल्याचं आइकलं का कवा?"

मास्तर हे नाव तुम्ही मला दुसऱ्याच दिवशी ठेवलं, कारण केबिनमध्ये डब्याच्या पिशवीत माझं पुस्तक सापडलं. मी बाहेरून बी.ए.चा फॉर्म भरला होता आणि कोणाला सांगितलं नव्हतं. मला वाटलं तुम्ही हसाल. तुम्ही हसलातच. पण त्या दिवसापासून पुस्तक तुमच्या हातात आलं. गेटवर वाचता येत नाही, कॅमेऱ्यात दिसतं. म्हणून तुम्ही केबिनच्या आडोशाला उभं राहून प्रश्न विचारायचे आणि मी गेटच्या आडव्या दांड्याजवळ, रस्त्याकडे तोंड करून, उत्तर द्यायचो.

"राज्यपाल कोन नेमते?"

"राष्ट्रपती."

"मुदत?"

मध्येच ट्रक यायचा. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा. मी दांडा वर करायचो, नंबर लिहून घ्यायचो, आणि तुम्ही तिथूनच ओरडायचे, "मुदत सांग न बे, ट्रक कुठी पळून चाल्ला का!" एकदा एका पंजाबी ड्रायव्हरनं हिंदीत विचारलं, इथे काय चाललंय. तुम्ही म्हणालात, "साहब बन रहा है लौंडा. आज सलाम मार ले, बाद में महँगा पड़ेगा." त्यानं खरंच हात कपाळाला लावला. मला वर्षभर गाड्यांना सलाम मारून एकही परत मिळाला नव्हता. तो पहिला.

परीक्षांच्या दिवसांत तुम्ही तुमची ड्यूटी संपवून माझ्या जागी उभे राहायचे. लागोपाठ दोन पाळ्या. मी पेपर देऊन धावत यायचो तर तुम्ही आधी विचारायचे, किती प्रश्न सोडवले. पाय सुजलेले असायचे, बुटाच्या नाड्या सोडून ठेवलेल्या असायच्या. मी म्हणायचो, काका, बसायचं ना जरा. तुम्ही म्हणायचे, "बसलो असतो गा, पन तुया नावानं उभा होतो न. उद्या मेमो आला तर तुया नावानं येईन." तेव्हा मला वाटायचं हा विनोद आहे.

आपला एकच वाद होता, आणि तो दहा वर्षं चालला. कागद कोणी वाचतं की नाही.

मी शिकणारा मुलगा. माझा कागदावर विश्वास. रिलीवर आला नाही, लिहून द्या. पंखा बंद आहे, लिहून द्या. साप्ताहिक सुट्टी कापली, लेखी अर्ज करा. तोंडी सांगितलेलं हवेत जातं, लेखीला किंमत असते. हे मी तुम्हाला किती वेळा ऐकवलं असेल. आणि तुम्ही रोज गेटच्या रजिस्टरमध्ये दर दोन तासांनी एकच ओळ लिहायचे : सर्व ठीक. छपरातून पाणी गळत असलं तरी सर्व ठीक. ट्रकनं भिंत पाडली तरी आधी सर्व ठीक आणि मग भिंतीचं. मी चिडायचो. म्हणायचो, तुमच्यासारख्यांमुळेच काही सुधारत नाही.

"असं?" तुम्ही म्हणालात एकदा. आणि दुपारच्या नोंदीत माझ्यासमोर लिहिलं : "दोन वाजता पेंचवरून एक वाघ आला. आधार कार्ड पाहून आत सोडले. चहा पाजून परत पाठवला. सर्व ठीक."

मी घाबरलो. पान फाडायला निघालो. तुम्ही रजिस्टर छातीशी धरून ठेवलं. संध्याकाळी त्या वेळचे फील्ड ऑफिसर आले, मोटरसायकल चालूच ठेवून त्यांनी पान उलटलं, वाघाच्या खाली सही केली, शिक्का मारला आणि गेले.

"पाह्य मास्तर," तुम्ही म्हणालात, "वाघ मंजूर झाला."

ढोके हसता हसता खाली बसले होते. आपले सुखदेव ढोके, एक नंबर गेटचे. मीही हसलो. पण त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, की मी कधी त्या मोटरसायकलवर बसलो तर प्रत्येक ओळ वाचेन.

आणि मी बसलो. बी.ए. झालं. घराण्यात पहिला. निकालाच्या दिवशी तुम्ही गेटवर हमालांना पेढे वाटलेत आणि त्या दिवशी कोणाचा डबा उघडला नाही. एजन्सीत फील्ड ऑफिसरची जागा निघाली तेव्हा मुलाखतीला घालायला माझ्याकडे धड शर्ट नव्हता. तुम्ही मला इतवारीत नेलंत. चार दुकानं फिरलात. कापड बोटांनी चोळून पाहायचे आणि दुकानदाराला सांगायचे, "पोट्ट्याले साहेब बनवाचं हाय, चपराशी नाई." मुलाखत झाली. जागा मिळाली. ज्या दिवशी मी पहिल्यांदा तुमच्या गेटवर तपासणीला आलो, त्या दिवशी तुम्ही सावधान उभे राहिलात आणि मला सलाम मारलात. मनापासून मारलात. मला तोंड कुठे लपवावं कळेना.

पहिले काही महिने मी खरंच वाचत होतो, काका. प्रत्येक रजिस्टर, प्रत्येक ओळ. तुम्ही माझी परीक्षा घेतलीत तेही आठवतं. चाळीस "सर्व ठीक" मध्ये एका जागी लिहून ठेवलं होतं, "साहेबांच्या शर्टाचं वरचं बटन तुटलं आहे." मी वाचलं, गळ्याला हात लावून पाहिला, आणि तुम्ही टाळी वाजवलीत. "वाचते गा, मास्तर वाचते!" म्हणत तुम्ही एक नंबर गेटपर्यंत ढोकेंना सांगायला गेलात. दहा वर्षांच्या वादात मी जिंकलेला तो एकच दिवस.

त्या दिवसानंतर मी ढिला पडत गेलो. हे कसं झालं ते मला नीट सांगता यावं अशी इच्छा आहे, पण एखादा दिवस दाखवता येत नाही. माझ्याकडे आधी पाच जागा होत्या, मग चौदा झाल्या. सकाळी फोन सुरू व्हायचा तो हाच, की अमुक पॉइंट खाली आहे. हो काका, मीही पॉइंटच म्हणायला लागलो. वरून साहेब बोलायचे, खालून गार्ड. ज्याला ड्यूटी लावायचो तो शिव्या घालायचा, ज्याची सुट्टी कापायचो तोही. मला वाटायचं मी सगळ्यांचं भलं करतो आहे आणि कोणालाच ते कळत नाही. कोणी अडचण सांगायला लागला की तो पुढे काय सांगणार ते मला आधीच माहीत आहे, असं वाटायचं. आजी वारली, मुलगा तापानं आजारी, गाडी बंद पडली. मी मनात यादी करायचो. तुम्ही कडू बोलायचे, पण समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायचे. मी गोड बोलायचो आणि ऐकत नव्हतो.

मग गोदामवाल्यांनी कॅमेऱ्यातून गार्ड बसलेला दिसला की त्याचा फोटो पाठवायला सुरुवात केली. प्रत्येक फोटोला एक मेमो. मेमोला गार्डनं तीन दिवसांत लेखी खुलासा द्यायचा. खुलाशावर ऑफिसनं उत्तर पाठवायचं. आधी हे सगळं इंग्रजीत निघायचं. गार्ड ते घडी करून खिशात ठेवायचे, तुम्ही त्यात सुपारी बांधायचे. मीच पुढाकार घेतला की हे मराठीत व्हावं, माणसाला आपल्याला काय लिहिलंय ते कळावं. दोन्ही पत्रांचे मसुदे मी केले. चांगल्या, सभ्य मराठीत केले. साहेबांनी कौतुक केलं. तुम्ही पहिला मेमो पाहून म्हणालात, "लय गोड लिहिलं गा मास्तर. असा मेमो भेटला तर मानूस फ्रेम करून लावीन."

हळूहळू असं झालं की महिन्याच्या शेवटी खुलाशांचा गठ्ठा माझ्या बॅगेत साचायचा आणि तपासणीच्या आदल्या दिवशी फाइल पूर्ण लागायची. मी उत्तरं आधीच छापून ठेवू लागलो. सगळ्या उत्तरांत एकच वाक्य. खुलासा असमाधानकारक आहे. वर फक्त नाव बदलायचं. ऑफिसातले सगळेच असं करतात, असं मी स्वतःला सांगत होतो. ते खरंही होतं.

आपलं शेवटचं भांडण तुम्हाला आठवत असेल. एजन्सीनं ताणतणावावर प्रशिक्षण ठेवलं होतं. ड्यूटी संपवून आलेले गार्ड हॉलमध्ये बसवले होते, अर्धे झोपलेले. बाहेरून आलेल्या बाई सांगत होत्या की ताण आला तर डोळे मिटून खोल श्वास घ्या. तुम्ही हात वर केलात.

"मॅडम, श्वास उभ्यानं घ्याचा का बसून? उभ्यानं डोये मिटले तर मेमो येते."

सगळा हॉल हसला. बाईही हसल्या. मी व्यासपीठावर होतो, साहेबांच्या शेजारी. नंतर मी तुम्हाला जिन्याखाली गाठलं आणि नको ते बोललो. म्हणालो, "तुम्ही स्वतः काही बदलत नाही आणि दुसऱ्याला बदलू देत नाही. तुमच्यासारख्या माणसांनी ही नोकरी नासवली." मी वाट पाहत होतो की आता काहीतरी खवचट येईल. तुम्ही फक्त म्हणालात, "बरोबर हाय साहेब." आणि तिथून निघून गेलात. त्यानंतर मला तुम्ही पुन्हा मास्तर म्हणाला नाहीत. क्षमा मागायची राहून गेली. वाटलं, तुमच्याच गेटवर तर येणार आहे रोज.

तीन आठवड्यांनी तुमचा फोटो आला. विजेच्या मीटरच्या ओट्यावर तुम्ही बसलेले, टोपी काढून मांडीवर ठेवलेली, एक हात दुसऱ्या हातानं धरलेला. दुपारची वेळ, सावली अगदी पायाशी. मी तो फोटो मोठा करून पाहिला नाही. मी पाहिलं ते एवढंच, की हे नेवारे काका आहेत, आणि यांना मेमो दिला नाही तर बाकीचे म्हणतील, साहेबाचा माणूस म्हणून सोडला. मला त्या वेळी स्वतःचा अभिमान वाटला होता. सगळ्यांना एकच नियम. खरं सांगायचं तर जिन्याखालचा रागही त्यात होता.

मेमो मी ढोकेंच्या हाती पाठवला. दोन दिवसांनी तुमच्या गेटवर आलो तेव्हा तुम्ही खिशातून घडी केलेला कागद काढलात. मी फोनवर बोलत होतो, कुठलातरी पॉइंट खाली होता. तुम्ही थांबून राहिलात. मी खुणेनं म्हटलं, द्या. कागद हातात घेतला, बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात घातला. तुम्ही म्हणालात, "वाचजो."

फक्त तेवढं. "वाचजो." साहेब नाही, मास्तर नाही. मी मान हलवली आणि गाडीला किक मारली. त्याच आठवड्यात फाइल पूर्ण करायची होती. तुमच्या नावाचं छापील उत्तर बाकीच्या गठ्ठ्यात गेलं. मी सही केली.

नऊ दिवसांनी तुम्ही गेलात.

ढोके तुमच्या जवळ होते. त्यांनी मला जे सांगितलं ते मी इथं लिहितो, कारण काकूंना तेही माहीत नाही. दुपारी तीनच्या सुमाराला तुम्हाला घाम फुटला. तुम्ही दांड्याला धरून उभे होता. ढोके एक नंबरवरून पाणी घेऊन आले आणि म्हणाले, "बसा न गा भाऊ जरासे. कोन पाह्यते?"

तुम्ही म्हणालात, "नाई गा. पोट्ट्यानं कागद पाठवला हाय."

"फेका न तो कागद! आजपर्यंत कोनता कागद मानला तुमी?"

"याचा मानला पाह्यजे. त्याची नौकरी हाय."

मग तुम्ही दांड्यासकट खाली आलात. ढोके सांगतात, दांडा शेवटपर्यंत मुठीत होता. सोडवावा लागला.

काका, मला तुमचा राग येतो. तुमच्यावर येऊ नये असा राग. सगळ्या साहेबांच्या सगळ्या मेमोंना तुम्ही हसलात. वाघाला मंजुरी मिळवलीत. श्वासाला हसलात, सलामाला हसलात, स्वतःला पॉइंट म्हणून हसलात. आणि मानलात तो एकच कागद, माझा. का? तुम्हाला कोणी सांगितलं होतं मानायला? तुमचा तो बिनडोक हात, त्याला मी पाठवलेलं तेवढं कसं कळलं?

तुमचा हिशेब बंद करायला ऑफिसनं फाइल मागवली तेव्हा मी ती उघडली. खुलासा वरच होता. तुमचं अक्षर मी दहा वर्षं रजिस्टरमध्ये पाहिलं आहे, दोन शब्दांच्या पलीकडे क्वचितच. इथे पानभर होतं. मी ते आता जसंच्या तसं लिहितो.

"मा. साहेब, मी बसलो हे खरे आहे. दुपारी छातीत जड झाले, डाव्या हातात कळ आली व डोळ्यासमोर अंधारी आली म्हणून दहा मिनिटे बसलो. चार दिवसांपासून रोज होऊन राहिले. डॉक्टरला दाखवायचे आहे. एक दिवसाचा रिलीवर देण्याची कृपा करावी. तोंडी सांगितलेले हवेत जाते असे आपण नेहमी सांगता म्हणून लेखी देत आहे. घरी कळवू नये, पोरीचा पेपर आहे. दशरथ नेवारे."

खाली, सहीच्याही खाली, बारीक अक्षरात : "मास्तर, हे खरे आहे. वाघाचे नाही."

काकू, हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर. त्यांनी सांगितलं होतं. मला सांगितलं होतं. लिहून दिलं होतं, आणि हातात दिलं होतं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एका कागदावर विश्वास ठेवला, कारण तो माझ्याकडे येणार होता. एक दिवसाचा माणूस मागितला होता. माझ्याकडे त्या आठवड्यात एक माणूस जास्तीचा होता. मी तो एका लग्नाच्या मंडपावर लावला.

प्रणाली, तुझ्या पेपरासाठी ते बोलले नाहीत हे वाचून तू स्वतःला दोष देशील, म्हणून सांगतो. घरी न सांगण्याचा निर्णय त्यांचा होता, पण त्यांनी सांगितलं ते योग्य जागीच सांगितलं होतं. चूक तिथे झाली. तुझ्याकडे नाही.

साहेबांनी मला दोन दिवसांपूर्वी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून म्हणाले, हा कागद फाइलमध्ये असायचं काही कारण नाही, माणूस ड्यूटीवर असताना गेला आहे, उगाच प्रश्न निघतील. मी बरं म्हणालो आणि कागद फाइलमधून काढला. तो आता माझ्याजवळ आहे. मूळ कागद, तुमच्या सहीचा. तेरवीच्या दिवशी मी तो काकूंच्या हातात देणार आहे. तो घेऊन त्या जिथे जातील तिथे मी सोबत जाईन आणि विचारलं तर सांगेन की हा मला मिळाला होता. माझी नोकरी राहील असं वाटत नाही. तुम्ही तिची एवढी काळजी केलीत, काका, आणि मी ती घालवायला निघालो, याची मात्र तुमच्यापुढे लाज वाटते.

तुम्हाला मी आयुष्यात कधी पत्र लिहिलं नाही. पास झाल्यावर लिहायला हवं होतं. पहिल्या पगाराला लिहायला हवं होतं. तुम्ही समोरच असायचे, म्हणून लिहिलं नाही. माझ्या सहीचं, तुमच्या नावाचं, तुम्हाला पोचलेलं उत्तर म्हणाल तर ते एकच आहे. काकूंना तुमच्या शर्टाच्या वरच्या खिशात ते सापडलं. त्यांनी ते वाचलं नाही, ऑफिसचा कागद म्हणून मला परत दिलं. त्यात सुपारी बांधलेली नव्हती. मी ते इथे उतरवतो आणि थांबतो.

प्रति,
श्री. दशरथ नेवारे
सुरक्षा रक्षक, गेट क्रमांक दोन

विषय : आपण सादर केलेल्या खुलाशाबाबत.

महोदय,

कर्तव्यावर असताना बसलेले आढळल्याबद्दल आपणांस मेमो देण्यात आला होता. त्याबाबत आपण दिलेला खुलासा काळजीपूर्वक वाचण्यात आला. सदर खुलासा असमाधानकारक आहे.

यापुढे ड्यूटीच्या संपूर्ण वेळेत आपण उभे राहाल, अशी अपेक्षा आहे. पुन्हा बसलेले आढळल्यास आपल्याविरुद्ध कारवाई करणे भाग पडेल, याची कृपया नोंद घ्यावी.

आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.

आपला विश्वासू,
नितेश भोयर
फील्ड ऑफिसर